खेळ आपला, गल्ला परक्याचा

देशी मातीतला व्हिडीओ गेम उद्योग : कसब आहे, वारसा आहे, कमी आहे ती धीराच्या भांडवलाची

मूल मोबाईलवर खेळताना दिसले की घरातले वडीलधारे ओरडतात आणि विषय तेथेच संपतो. तो खेळ कोणत्या देशात तयार झाला, त्यावर खर्च झालेला पैसा कोठे गेला आणि तसाच खेळ आपल्याकडच्या एखाद्या तरुणाने का केला नाही, हे तीन प्रश्न कोणी विचारत नाही. व्यापार-उद्योगाच्या पानावर मात्र ते विचारलेच पाहिजेत. खेळाकडे आपण वेळेची नासाडी म्हणून पाहतो. जगातील अनेक देश त्याकडे कारखानदारी म्हणून पाहतात आणि त्यातून परकीय चलन कमावतात.

आपल्या मुलांच्या हातातले खेळ मोजून पाहा. बीजीएमआय हा दक्षिण कोरियाच्या कंपनीचा, फ्री फायर मॅक्स सिंगापूरच्या कंपनीचा, क्लॅश ऑफ क्लॅन्स फिनलंडच्या कंपनीचा, तर कँडी क्रश स्वीडनमध्ये जन्मलेल्या कंपनीचा. फिनलंडची लोकसंख्या एकट्या मुंबई शहरापेक्षा कमी आहे. तेव्हा हा उद्योग मोठ्या देशांनाच जमतो, असे म्हणण्यात अर्थ नाही.

मग आपल्याकडे काय कमी आहे? भाषणांतून नेहमी सांगितले जाते की आपली संस्कृती थोर आहे, तिच्यावर खेळ काढले की झाले. आमचे मत जरा वेगळे आहे. संस्कृती भरपूर आहे, कारागीरही भरपूर आहेत. कमी आहे ती दोन-तीन वर्षे थांबू शकणाऱ्या पैशाची आणि तयार झालेल्या मालाची मालकी आपल्याकडे ठेवण्याची. या दोन गोष्टी साधल्या नाहीत तर आपल्या कथा, आपले पट आणि आपली चित्रे यांवर दुसरेच कोणी दुकान थाटील.

पट आपला, पेटंट इंग्लंडचे

हे भय उगाच नाही. असे एकदा होऊन गेले आहे. पचिसी हा आपल्या देशाचा जुना खेळ. फत्तेपूर सिक्रीत अकबराच्या वाड्यातील अंगणात दगडी फरशीवर आखलेला पचिसीचा भव्य पट आजही पाहावयास मिळतो. इंग्रजांनी हा खेळ नेला, कवड्यांच्या जागी फासा घातला, त्याला लुडो हे नाव दिले आणि 1896 मध्ये इंग्लंडात त्याचे पेटंट घेतले. पुढे तोच लुडो रंगीत पुठ्ठ्यावर छापून आपल्याकडे विकावयास आला आणि आपण तो हौसेने विकत घेतला.

सापशिडीची कथा अशीच. तिचे मूळ ज्ञान-चौपट या पटात आहे. सोंगटीने सद्गुणाच्या शिडीने वर जावे, दुर्गुणाच्या सापाने खाली यावे, अशी त्याची रचना. महाराष्ट्रात तो मोक्षपट म्हणून ओळखला गेला. जैनांनी आपल्या विचारांप्रमाणे त्याचे पट केले, वैष्णवांनी आपल्या, आणि सूफींनीही शतरंज-उल-आरिफीन या नावाने आपला पट रंगवला. पट एकच, अर्थ ज्याचा त्याचा. इंग्लंडात गेल्यावर त्याचे पोरांचे करमणुकीचे खेळणे झाले.

आणि गंजिफा तर आपल्या दारातलीच गोष्ट. इराणकडून आलेला हा पत्त्यांचा खेळ मोगलांबरोबर हिंदुस्थानात पसरला. बाबराने आपल्या आठवणींत गंजिफाचे पत्ते भेट पाठवल्याची नोंद केली आहे. मोगल गंजिफात 8 रंगांचे 96 पत्ते. येथल्या कलाकारांनी त्याचा दशावतारी गंजिफा केला, 10 रंगांचे 120 पत्ते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडीत हे गोल, लाखेचा लेप दिलेले पत्ते आजही हाताने रंगवले जातात. तेथील राजघराण्याने विसाव्या शतकात आधार दिला म्हणून ही कला टिकली. बाहेरून आलेली वस्तू या मातीत कशी रुजते आणि दोन्हीकडच्या लोकांची कशी होऊन जाते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही. ‘देशी संस्कृती’ म्हणजे नेमके काय, याचे उत्तरही त्यातच आहे.

लुडोचा एक डाव मात्र आपण परत जिंकला. नवी मुंबईतील विकास जयस्वाल यांच्या गेमशन कंपनीने 2016 मध्ये लुडो किंग हा खेळ मोबाईलवर आणला. 2020 च्या टाळेबंदीत घरोघर तो खेळला गेला आणि डाउनलोडचा आकडा 10 कोटींच्या कितीतरी पुढे गेला. त्यात फार मोठे तंत्र नव्हते. आजी आणि नातू दोघांनाही नियम आधीच ठाऊक होते, हेच त्याचे भांडवल. संस्कृतीचा धंद्यात उपयोग होतो तो असा.

मजुरी आणि मालकी

आपल्याकडे खेळ बनवणारे हात नाहीत, ही समजूत चुकीची आहे. बंगळुरूत राजेश राव यांनी ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही कंपनी 1997 मध्ये काढली. परदेशी खेळांसाठी चित्रे, मोटारी, इमारती तयार करून देण्यात तिने नाव कमावले. 2019 मध्ये ही कंपनी अमेरिकेच्या रॉकस्टार गेम्सने 79 लाख डॉलरला विकत घेतली. पुण्यात फ्रान्सच्या युबिसॉफ्टचे केंद्र 2008 पासून आणि मुंबईत 2018 पासून आहे. शेकडो तरुण तेथे तयार झाले. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती करण्याचे काम या दोन केंद्रांकडे असल्याचे 2020 मध्ये जाहीर झाले. 2022 मध्ये ते काम कॅनडातील मॉन्ट्रियलला हलवण्यात आले. कंपनीच्या निर्णयाला कंपनीची कारणे असतील. पण ज्याची मालकी त्याचा निर्णय, हे सूत्र त्यातून स्पष्ट होते.

पुण्याच्या नॉटिलस मोबाईलचा ‘रिअल क्रिकेट’ हा खेळ घ्या. क्रिकेटइतकी देशी गोष्ट आज दुसरी कोणती? त्या कंपनीचा मोठा हिस्सा 2025 मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनने घेतला. परकीय भांडवल आले म्हणजे वाईटच झाले, असे आम्ही म्हणत नाही. पगार येथे होतो, कसब येथे राहते. परंतु मजुरी महिन्याला एकदा मिळते आणि मालकी वर्षानुवर्षे देत राहते, हा फरक दुकानदाराला समजावून सांगावा लागत नाही. शिंप्याने दुसऱ्याच्या ब्रँडसाठी शर्ट शिवला तर त्याला शिलाई मिळते. त्याचा स्वतःचा ब्रँड चालला तर घर उभे राहते.

पैसा कोठे गेला होता?

येथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात ‘गेमिंग’मध्ये मोठी गुंतवणूक आल्याच्या बातम्या येत होत्या. त्यातील मोठा भाग पैसे लावून खेळण्याच्या रमी, पोकर आणि काल्पनिक क्रिकेट संघांच्या ॲपमध्ये होता. तेथे कथा लागत नाही, चित्रकार लागत नाही, दोन वर्षे थांबावे लागत नाही. आज जाहिरात, उद्या कमाई. भांडवल तिकडे धावले यात नवल नाही. खऱ्या खेळकारांच्या वाट्याला मात्र त्या बदनामीचा हिस्सा आला. मुलगा ‘गेम’चा धंदा करतो म्हटल्यावर बाप विचारतो, म्हणजे जुगार का? आपल्या समाजात जुगार धर्मानेच निषिद्ध, त्यामुळे हा संशय दुप्पट.

1 ऑक्टोबर 2023 पासून सरकारने अशा खेळांवर लावलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी आकारला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळण्याचे डाव चालवणे, त्यांची जाहिरात करणे आणि त्यांचे बँक-व्यवहार करणे यांवर त्यात बंदी आहे. असे डाव चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी आपले रोख पैशांचे डाव बंद केले. याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि केवळ करमणुकीचे किंवा शिकवणीचे खेळ यांना उत्तेजन देण्याचे म्हटले आहे. जुगार आणि खेळ यांच्यामध्ये कायद्याने रेघ ओढली, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. बापाच्या त्या प्रश्नाला आता ठाम उत्तर देता येईल. गुंतवणूकदारांनीही या रेघेच्या योग्य बाजूला येण्याची हीच वेळ आहे.

झेंडा लावून माल खपत नाही

देशी खेळ म्हणजे काय याबद्दलही गोंधळ आहे. 2 सप्टेंबर 2020 रोजी पबजीवर बंदी आली. दोनच दिवसांनी फौजी हा देशी खेळ येत असल्याची घोषणा अभिनेता अक्षयकुमार यांनी केली. नाव नोंदवणाऱ्यांची संख्या लाखोंवर गेली. 26 जानेवारी 2021 रोजी गलवान खोऱ्यातील संघर्षावर आधारलेला तो खेळ आला आणि थोड्याच दिवसांत त्याचे गुणांकन घसरले. लोकांची भावना खरी होती, परंतु खेळात हवी ती मजा त्यांना मिळाली नाही. देशप्रेमाने ग्राहक एकदा दुकानात येतो. पुन्हा येतो तो मालाच्या गुणावर.

याच्या उलट दोन उदाहरणे पाहू. पहिले आपल्या पुण्याचे. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने ‘राजी’ हा खेळ केला. भावाला राक्षसांनी पळवून नेले आहे आणि बहीण त्याला शोधत निघाली आहे, एवढीच कथा. मध्ययुगीन राजस्थानी वास्तू, पहाडी शैलीची भित्तिचित्रे आणि सावल्यांच्या बाहुल्या यांतून ती उलगडते. 2017 मध्ये त्यांनी इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली, ती पुरेशी जमली नाही. संस्थापकांपैकी एकीने आपला फ्लॅट विकून काम चालू ठेवल्याचे त्यांच्या मुलाखतींतून समजते. शेवटी परदेशी प्रकाशक मिळाला. ऑगस्ट 2020 मध्ये खेळ बाजारात आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये उत्तम पदार्पणाच्या नामांकनात त्याचे नाव झळकले. पुण्यातील खेळाला पैसे पुण्यात, मुंबईत का मिळाले नाहीत, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

दुसरे उदाहरण कॅनडातील तमिळ वंशाच्या तरुणाने केलेल्या ‘वेण्बा’चे, 2023 सालचे. त्यात ना किल्ला, ना तलवार, ना देव, ना दैत्य. 1980 च्या दशकात कॅनडात गेलेली एक तमिळ आई स्वयंपाक करते. आईकडून आलेली पाककृतींची वही फाटली आहे. इडलीची भांडी कशी रचायची हे खेळणाऱ्याने ओळखायचे. मुलगा मोठा होतो, घरची भाषा विसरत जातो. एवढ्याशा खेळाने 2024 मध्ये ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळवला. संस्कृती केवळ पुराणात आणि इतिहासात नसते, ती स्वयंपाकघरातही असते, हा त्याचा धडा.

पोलंडने काय केले?

बाहेरच्या देशांचे उदाहरण द्यायचे तर आम्ही पोलंडचे देऊ. इंग्रजी न बोलणारा, 1989 पर्यंत समाजवादी राजवटीखाली असलेला हा देश. तेथेही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारखा नकली मालाचा बाजार होता. 1994 मध्ये मार्चिन इविन्स्की आणि मिखाऊ किचिन्स्की या दोन तरुणांनी सीडी प्रोजेक्ट ही कंपनी काढली. सुरुवात परदेशी खेळ आणून विकण्यापासून. 1999 मध्ये त्यांनी ‘बाल्डर्स गेट’ हा खेळ संपूर्ण पोलिश भाषेत आणला, त्यासाठी नामवंत नटांचे आवाज घेतले, खोक्यात नकाशा आणि पुस्तिका दिली. नकली सीडीत जे मिळत नाही ते असलीत दिले, म्हणून लोकांनी असली घेतली. या व्यापारातून पैसा आणि अनुभव आला, मग स्वतःचा खेळ. 2007 मध्ये पोलिश लेखक आंद्रेय सापकोवस्की यांच्या कथांवरील ‘द विचर’ आला. त्याचा तिसरा भाग 2015 मध्ये आला आणि 2023 पर्यंत त्याच्या 5 कोटींहून अधिक प्रती खपल्या.

या यशाची दुसरी बाजूही व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी. लेखकाने हक्क एकरकमी, सुमारे 35,000 झ्लॉटींना विकल्याचे सांगितले जाते. नफ्यात वाटा नको, रोख द्या, असे त्यांचे म्हणणे होते. खेळ जगभर गेल्यावर 2018 मध्ये त्यांच्या वकिलांनी किमान 6 कोटी झ्लॉटींची मागणी केली. 2019 मध्ये दोन्ही बाजूंत नवा करार झाला. कथा विकणाऱ्याने एकरकमी घ्यावे की वाटा ठेवावा, याचा याहून महागडा धडा सापडणार नाही.

चीनचे ‘ब्लॅक मिथ : वुकाँग’ ताजे आहे. जुन्या चिनी कथेतील वानरराजावरचा हा खेळ 20 ऑगस्ट 2024 रोजी आला आणि पहिल्या 3 दिवसांत 1 कोटी प्रती खपल्या. शान्शी प्रांतातील जुन्या मंदिरांची चित्रे त्यात हुबेहूब उतरवली होती, त्यामुळे तेथे प्रवाशांची रीघ लागली. तो करणारी गेम सायन्स ही कंपनी मात्र 2014 मध्ये निघालेली. आधी मोबाईलचे छोटे खेळ करून तिने कमाई केली, हात बसवला आणि मगच मोठे काम हाती घेतले. दोन्ही देशांत क्रम एकच : आधी व्यापार, मग हुन्नर, मग स्वतःची मोठी निर्मिती. पहिल्याच उडीत शिखर कोणी गाठले नाही.

कागदावरचा हिशेब

आता आपण वही-पेन्सिल घेऊन बसू. उदाहरणादाखल 6 जणांची तुकडी धरा. दोघे प्रोग्रॅमर, दोघे चित्रकार, एक कथा-रचना पाहणारा, एक आवाज व चाचणी सांभाळणारा. प्रत्येकी महिना 40,000 रुपये आणि मुदत 18 महिने. पगारावरच 43 लाख 20 हजार रुपये झाले. संगणक, वीज, जागा, संगीत, भाषांतर यांना 6 लाख 80 हजार धरले तर एकूण 50 लाख. शहरात एक मध्यम दुकान घालायला याहून जास्त लागतात.

साधनांचा खर्च पूर्वीसारखा राहिलेला नाही. खेळ रचण्याचे गोडो आणि त्रिमिती चित्रांचे ब्लेंडर ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. अनरिअल इंजिनही सुरुवातीला फुकट असून खेळाचे उत्पन्न 10 लाख डॉलरच्या वर गेल्यावर साधारण 5 टक्के वाटा घेते. संगणकावरील खेळांच्या स्टीम या दुकानात एक खेळ ठेवण्याची फी 100 डॉलर आहे.

विक्री कशी? 18 टक्के जीएसटी धरून किंमत 500 रुपये ठेवली तर कर वजा जाता सुमारे 424 राहतात. दुकान 30 टक्के घेते. हाती येतात सुमारे 297. म्हणजे 50 लाख वसूल होण्यास साधारण 16,800 प्रती खपल्या पाहिजेत. प्रकाशकाला निम्मा वाटा द्यावा लागला तर 33,700. सवलतीच्या दिवसांत अर्ध्या किमतीला विकले तर आकडा आणखी वाढतो. मराठी वाचकाला हे मोठे वाटेल, परंतु गिऱ्हाईक साऱ्या जगात आहे. म्हणून खेळ मराठीत असावा, हिंदी-उर्दूत असावा आणि इंग्रजीतही असावा. वास आपल्या मातीचा, पण वाट सगळ्यांसाठी मोकळी.

अडचण अशी की बँक या धंद्याला कर्ज देताना तारण मागते आणि अर्धवट खेळ कोणी तारण म्हणून घेत नाही. व्याजाचा हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होतो, कमाई मात्र 18 महिन्यांनंतर, तीही झाली तर. येथे कर्जापेक्षा भागीदारी योग्य. आपल्याकडे मुदारबाची जुनी रीत आहे : भांडवल एकाचे, मेहनत दुसऱ्याची, नफा आधी ठरलेल्या प्रमाणात, आणि धंदा प्रामाणिकपणे करूनही बुडाला तर पैशाचे नुकसान भांडवलदाराचे व श्रमाचे नुकसान कारागिराचे. खेळांचे प्रकाशक जगभर जे करतात ते याच्या फार जवळचे आहे. एका श्रीमंताने 50 लाख घालण्यापेक्षा दहा जणांनी पाच-पाच लाख घालावेत, आणि एका खेळात नव्हे तर चार-पाच लहान खेळांत विभागून. एक चालला तरी बाकीच्यांचे भरून निघते. चित्रपटाच्या धंद्यात मुंबईने हेच केले.

कोणता वारसा?

विषयांची तर आपल्याकडे वाण नाही. मलिक अंबर घ्या. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा कारभारी होतो, गनिमी काव्याने मोगलांना झुंजवतो आणि 1610 मध्ये खडकी शहर वसवतो. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. त्याने डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले. लढाईचे खेळ जगात हजारो आहेत. पण उतार मोजत, विहिरी खणत, तहानलेल्या शहराला पाणी पोचवण्याचा खेळ किती आहेत? अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, किल्ला लढवणारी चांदबिबी आहे. दाभोळ आणि चौलची बंदरे आहेत. तेथे अरबस्तानातून घोडे येत आणि पावसाळी वाऱ्यांचा अंदाज घेऊन गलबते सुटत. वारा चुकला तर माल वर्षभर पडून. हा तर तयार खेळच आहे, नियमांसकट. कोकणातील जुन्या खलाशांजवळ बसणारा तरुण तो लिहू शकेल.

मात्र जो हुन्नर वापराल त्या हुन्नरवाल्याला त्याचा वाटा मिळाला पाहिजे. सावंतवाडीच्या गंजिफावर खेळ काढायचा आणि चित्रकाराला एकदा पाच हजार देऊन वाटेला लावायचे, हे चालणार नाही. कारागिरांनीही कायदा समजून घ्यावा. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क देण्याच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता. नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, मालकच असतो. तेव्हा सही करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : किती वर्षे, कोणकोणत्या देशांत आणि विक्रीत किती टक्के.

सरकार, धनिक आणि तरुण

सरकारने हालचाल केली आहे. केंद्राने एप्रिल 2022 मध्ये ॲनिमेशन व गेमिंगसाठी कृतिदल नेमले. मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्था मंजूर झाली आणि जुलै 2025 मध्ये पेडर रोडवर तिच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले. सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने या उद्योगासाठी 3,268 कोटी रुपयांचे धोरण मान्य केले. कर्नाटकाने असे धोरण 2012 मध्येच केले होते. उशीर झाला, पण झाले. आमची सूचना एवढीच की हा पैसा केवळ इमारती आणि मोठ्या कंपन्यांच्या सवलतींत जाऊ नये. पाच-सहा जणांच्या तुकड्यांना 10-15 लाखांचे छोटे अनुदान द्यावे आणि खेळाची मालकी करणाऱ्याकडेच राहील, अशी अट घालावी. मालेगाव, भिवंडी, रत्नागिरी, नांदेड येथील मुलाला पेडर रोड दूर पडतो. जिल्ह्याच्या तंत्रनिकेतनात चार चांगले संगणक आणि एक शिक्षक दिला तरी सुरुवात होईल.

तरुणांना सांगणे असे की पहिला खेळ लहान करा, तीन महिन्यांत संपेल एवढा. तो पूर्ण करा, लोकांच्या हाती द्या, नावे ठेवली तर ऐका. परदेशी कंपनीत नोकरी मिळाली तर जरूर करा, कसब शिका आणि थोडी बचत करा. नोकरीला शाळा समजा. आई-वडिलांनीही मुलगा संगणकावर बसला की तो खेळतो आहे की खेळ बनवतो आहे, हे एकदा खुर्ची ओढून पाहावे. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि ज्यांच्याकडे चार पैसे आहेत त्यांना आमचा प्रश्न. जमिनीत, सोन्यात, दुकानाच्या गाळ्यात आपण पैसा घालतो आणि दहा वर्षे वाट पाहतो. मग आपल्याच मुलांच्या हुन्नरासाठी दीड वर्ष थांबणे जड का जावे? एकदा कवड्या आपल्या हातून गेल्या आणि लुडो विकत घ्यावा लागला. आता गंजिफा, नहर आणि गलबते शिल्लक आहेत. त्यांचा खेळ कोणी ना कोणी करणारच. तो सावंतवाडीत आणि पुण्यात व्हावा आणि त्याचा गल्ला येथेच मोजला जावा, एवढ्यासाठी आज पाच लाखांची एक भागीदारी सुरू झाली तरी पुरे आहे.